जुन्या संगणकाची दुरुस्ती : एक दुर्लक्षित ऐतिहासिक साधन

सारांश

भारतातील संगणकाच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने खरेदी, उद्घाटने व शासकीय धोरणे यांच्या आधारे झालेले आहे. यंत्र आल्यानंतर ते किती काळ चालले, कशामुळे बंद पडले व ते पुन्हा कसे सुरू झाले, या बाबींकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. प्रस्तुत निबंधात संगणक-देखभालीची राष्ट्रीय परंपरा, मेढ्यासारख्या तालुक्याच्या गावातील परिस्थिती व वारणा प्रकल्पाचा अनुभव यांचा विचार केला आहे. दुरुस्तीची नोंद हे इतिहासाचे महत्त्वाचे साधन असून तिच्या अभावी संगणकातील कागदपत्रांची कालनिश्चितीही संशयास्पद ठरते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : संगणक, देखभाल, दुरुस्ती, जावळी तालुका, वारणा, साधनचिकित्सा

१. प्रस्तावना

महाविद्यालयाच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे आपण ज्याला व्यवहारात डेडस्टॉक रजिस्टर म्हणतो त्यात, प्रत्येक संगणकाच्या दोन तारखा हमखास सापडतात. एक खरेदीची आणि दुसरी निर्लेखनाची. या दोन तारखांमध्ये आठ-दहा वर्षांचा काळ असतो. त्या काळात यंत्र कितीदा बंद पडले, कोणता भाग बदलला, कोणाच्या हाताने ते पुन्हा सुरू झाले, याविषयी नोंदवही मौन पाळते. देयकांच्या फाईलमध्ये ‘संगणक दुरुस्ती’ एवढे दोन शब्द व रक्कम असते; दोष कोणता होता हे बहुधा लिहिलेले नसते. यंत्राच्या आयुष्याचा खरा इतिहास याच रिकाम्या जागेत आहे. ही जागा भरून काढणे शक्य आहे काय आणि ती तशीच राहिल्यास इतिहासाभ्यासाचे काय नुकसान होते, हे प्रस्तुत निबंधाचे प्रश्न आहेत.

२. देखभालीची राष्ट्रीय परंपरा

भारतीय बनावटीचा पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला व १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९६२ मध्ये त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले. त्यात सुमारे २७०० निर्वात नलिका होत्या. तापणाऱ्या नलिका जळणे हा त्या पिढीतील यंत्रांचा स्वाभाविक धर्म होता. त्यामुळे यंत्र चालवणारा व दुरुस्त करणारा असा भेद फारसा शक्यच नव्हता. ज्यांनी यंत्र बांधले त्यांनाच त्याचे दोष ठाऊक होते.

पुढे परदेशी बनावटीची यंत्रे आली तेव्हा हे ज्ञान कंपनीच्या ताब्यात गेले. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यातील भागभांडवलाच्या अटी मान्य नसल्याने आयबीएम ही कंपनी १९७८ मध्ये भारतातून बाहेर पडली. तिची यंत्रे मात्र येथेच राहिली. ती चालू ठेवण्याचे काम १९७५ मध्ये स्थापन झालेल्या कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन या सार्वजनिक उपक्रमाकडे आले. कंपनी निघून जाऊनही बँका, रेल्वे व संशोधनसंस्था यांचे काम बंद पडले नाही, याचे श्रेय धोरणकर्त्यांइतकेच या दुरुस्तीकारांना आहे. या संस्थेच्या मूळ नावातच ‘देखभाल’ हा शब्द होता. १९८४ मध्ये ‘सीएमसी’ हे संक्षिप्त नाव अधिकृत झाले तेव्हा तो शब्द नजरेआड गेला. ही घटना किरकोळ असली तरी सूचक आहे.

३. तालुक्याच्या गावातील संगणक व त्याचे दोष

१९८४ च्या नव्या संगणक धोरणानंतर यंत्रे स्वस्त होत गेली. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे संगणक तालुक्याच्या व बाजाराच्या गावी पोहोचला. मेढा हे जावळी तालुक्याचे मुख्यालय वेण्णा नदीकाठी, साताऱ्याहून केळघर घाटमार्गे महाबळेश्वरला जाणाऱ्या रस्त्यावर वसले आहे. चार महिन्यांचा पाऊस, दमट हवा आणि खंडित वीज ही येथील परिस्थिती यंत्राच्या दृष्टीने प्रतिकूल होय. कोयनेच्या वीजनिर्मितीसाठी याच तालुक्यातील जमीन शिवसागर जलाशयाखाली गेली. तरीही २००० च्या दशकातील भारनियमनाने ग्रामीण भागाला अंधाराचा अनुभव दिला. म्हणून डेस्कटॉप संगणकाच्या बिघाडाचे स्वरूप समजून घेताना स्थानिक भूगोलही ध्यानात घ्यावा लागतो.

जुन्या संगणकाची तपासणी एका ठरावीक क्रमाने होते. प्रथम वीज, मग वीजपुरवठा संच म्हणजे एसएमपीएस, त्यानंतर रॅम, मदरबोर्ड व शेवटी हार्ड डिस्क. सोप्याकडून कठीणाकडे आणि स्वस्ताकडून महागाकडे जाणारा हा क्रम आहे. संच सुरू होताच यंत्र स्वतःची चाचणी घेते व दोष आढळल्यास ‘बीप’ आवाजाच्या खुणेने तो कळवते. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीपासून ही पद्धत रूढ आहे. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर दमट हवेने थर साचला की संपर्क तुटतो आणि पडदा काळाच राहतो. अशा वेळी रॅम काढून साध्या खोडरबराने पुसून बसवणे हा उपाय कोणत्याही पाठ्यपुस्तकातून नव्हे, तर हातोहात पसरला. पंख्यावरील धूळ, उंदरांनी कुरतडलेल्या तारा, वीज परत येताना बसणारा झटका हे दोषही स्थानिकच होत.

काही दोषांची मुळे मात्र फार दूर होती. साधारण १९९९ ते २००७ या काळात निर्माण झालेल्या अनेक मदरबोर्डांवरील कपॅसिटर अल्पावधीत फुगून गळू लागले. त्यातील विद्युत्-द्रावाची सदोष घडण हे त्याचे कारण होते आणि त्याचा उगम प्रामुख्याने तैवानमधील उत्पादनात होता. २६ एप्रिल १९९९ रोजी ‘सीआयएच’ विषाणूने जगभरातील अनेक संगणकांच्या बायॉस चिपमधील मजकूर पुसून टाकला; बाह्यतः तो हार्डवेअरचाच दोष भासत असे. एकाच टेबलावरील यंत्रात दमट हवा व आंतरराष्ट्रीय बाजारपेठ असे दोन इतिहास एकत्र येतात. कोणता दोष कोठला हे ओळखणे म्हणजेच निदान. इतिहासकारही कारणमीमांसा करताना याहून वेगळे काही करीत नाही.

४. वारणेचा धडा

शेजारच्या वारणा खोऱ्यातील अनुभव या संदर्भात विशेष बोलका आहे. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातील कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. केंद्र शासन, राज्य शासन व वारणा समूह यांनी अनुक्रमे ५०, ४० व १० टक्के खर्चाचा वाटा उचलला. गावोगावच्या केंद्रांतील संगणकांवर उसाचे वजन, खताची उचल अशा नोंदी होऊ लागल्या. देशभर या प्रयोगाचे कौतुक झाले.

यंत्रे जुनी होऊ लागली तसा देखभालीचा खर्च व खंडित वीज यांचा प्रश्न पुढे आला. २००६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने वेगळा प्रयोग केला. गावातील संगणकाच्या जागी मोबाईल आला व एसएमएसद्वारे तीच माहिती मिळू लागली. या प्रयोगाचा सामान्यतः ‘मोबाईलचा विजय’ असा अर्थ लावला जातो. परंतु दुसऱ्या बाजूने पाहता तो दुरुस्तीच्या व्यवस्थेचा पराभवही होता. उद्घाटनाच्या वेळी खर्चाचे वाटे ठरले. यंत्राच्या म्हातारपणाचा भार कोणी वाहायचा, हा प्रश्न मात्र नंतरच्या वर्षांवर सोपवला गेला.

५. मृत बॅटरी व खोटी तारीख

दुरुस्तीचा इतिहास केवळ तंत्रज्ञांच्या उपयोगाचा आहे, असा आक्षेप घेतला जाईल. त्याला एका नाण्याएवढ्या वस्तूने उत्तर देता येते. मदरबोर्डवर ३ व्होल्टची, बहुधा ‘सीआर २०३२’ क्रमांकाची, बॅटरी असते. यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. ही सोय आयबीएमच्या १९८४ च्या एटी संगणकापासून रूढ झाली. बॅटरी काही वर्षांनी संपते. मग वीज गेली की घड्याळ १ जानेवारी १९८० किंवा मदरबोर्डच्या निर्मितीच्या वर्षाकडे मागे जाते. ज्या कार्यालयात कोणी तारीख दुरुस्त करीत नाही, तेथे त्या दिवशी तयार झालेल्या प्रत्येक फाईलवर खोटी तारीख उमटते.

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला या प्रश्नाचे गांभीर्य सांगावयास नको. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हापासून अस्सल कागद व त्याची कालनिश्चिती यांवर आपल्याकडे सातत्याने भर दिला गेला. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रकाशात आणलेल्या जेधे शकावलीने शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा विचारच बदलला. शुहूर सन, हिजरी सन व शक यांचा मेळ घालण्यासाठी अभ्यासकांपाशी जंत्री आहे. २००० च्या दशकातील ग्रामपंचायती, पतसंस्था व महाविद्यालये यांच्या संगणकीय कागदपत्रांसाठी अशी कोणती जंत्री आहे? ‘अमुक तारखेस बॅटरी बदलली’ एवढी एक ओळ दुरुस्तीच्या वहीत असेल, तर तीच जंत्रीचे काम करील. त्या ओळीआधीच्या तारखा तपासून घ्याव्यात, नंतरच्या अधिक विश्वासाने स्वीकाराव्यात, असे अभ्यासकाला म्हणता येईल.

६. निष्कर्ष

१) देखभाल ही संगणकाच्या इतिहासातील दुय्यम बाब नाही. १९७८ नंतरच्या काळात देशातील संगणकीय कामकाज तिच्याच आधारे टिकून राहिले.

२) बिघाडाची कारणे स्थानिक व जागतिक अशा दोन्ही प्रकारची असतात. त्यांची नोंद झाल्यास प्रादेशिक इतिहासाला नवे साधन उपलब्ध होते.

३) दुरुस्तीच्या नोंदीशिवाय संगणकीय कागदपत्रांच्या तारखा चिकित्सेविना स्वीकारणे धोक्याचे आहे.

हा विचार आज अधिक निकडीचा झाला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. नव्या आवृत्तीच्या अटींत न बसणारी, परंतु सुस्थितीत चालणारी अनेक यंत्रे त्यामुळे निर्लेखनाच्या वाटेवर आहेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ती अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे गेली पाहिजेत, हे योग्यच आहे. मात्र निर्लेखन समितीने सही करण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. यंत्रातील फाईली, त्यांच्या तारखांसह, सुरक्षित ठिकाणी उतरवून घ्याव्यात. आणि प्रयोगशाळेतील साहाय्यकाला त्या यंत्राचे दोष विचारून ते एका पानावर लिहून घ्यावेत. यंत्र भंगारात गेल्यावर तो साहाय्यक हेच त्याचे एकमेव दप्तर उरते, आणि तोही एक दिवस सेवानिवृत्त होतो.