थीम पार्क रिसॉर्टची सुट्टी : अपेक्षा किती, पदरात पडते किती?



हिवाळ्याची सुट्टी जवळ आली की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो. यंदा भारतवारी करायची, की तेच पैसे घालून इथल्याच एखाद्या थीम पार्क रिसॉर्टमध्ये दोन-तीन दिवस राहायचे? मुलांचे उत्तर ठरलेले असते. आई-वडिलांच्या मनात मात्र हिशेब चालू असतो : एवढा खर्च करून सगळ्यांना खरोखर मजा येईल का? त्यातून आजी-आजोबा व्हिजिट व्हिसावर आलेले असले तर प्रश्न आणखी अवघड होतो.

नव्याने आलेल्या आणि जुन्याही सभासदांना उपयोग व्हावा म्हणून या विषयावरची माहिती आम्ही इथे एकत्र केली आहे. तिकिटांचे दर सतत बदलत असल्याने ते मुद्दामच दिलेले नाहीत. ठरवताना काय तपासायचे, यावर भर दिला आहे.

रिसॉर्ट म्हणजे नुसते पार्क नव्हे

आपल्या पिढीची 'थीम पार्क'ची कल्पना बहुधा गोराईच्या एस्सेलवर्ल्डपासून सुरू होते. ते १९८९ साली सुरू झाले. सकाळी फेरीबोटीने खाडी ओलांडायची, दिवसभर राइड्स करायच्या आणि संध्याकाळी दमून घरी परतायचे! मुक्कामाचा प्रश्नच नव्हता. खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका सुरू झाले आणि २०१५ मध्ये त्याला लागून हॉटेल आले, तेव्हा पार्कशेजारी राहण्याची कल्पना महाराष्ट्रातही रुजली.

मूळ कल्पना अमेरिकेतली. वॉल्ट डिस्ने यांनी १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले ते सुमारे १६० एकर जागेवर. पार्क तुफान चालले, पण भोवती दुसऱ्यांची मोटेल्स उभी राहिली आणि मुक्कामाचा पैसा त्यांच्याकडे गेला. म्हणून फ्लोरिडात डिस्नेने २७ हजार एकरांहून अधिक जागा घेतली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी तिथले पार्क उघडले ते स्वतःच्या हॉटेलांसकट.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच, की पाहुणा एका दिवसात परत जाऊ नये, त्याचे राहणे, जेवणखाण आणि खरेदी एकाच ठिकाणी व्हावी, हा रिसॉर्टचा मूळ हेतू आहे. यात गैर काही नाही. पण आपल्या कुटुंबाला तिथे एका दिवसाहून अधिक काळ पुरेल एवढे काही आहे का, हे आपणच पाहायला हवे.

अमिरातीतील पार्क्स : थोडक्यात क्रम

* वाइल्ड वाडी, दुबई (१९९९) : बुर्ज अल अरबच्या शेजारचे वॉटर पार्क. अरबी लोककथांमधल्या जुहाच्या गोष्टीवर बेतलेले.
* अटलांटिस, पाम जुमेरा (२००८) : हॉटेल, अ‍ॅक्वाव्हेंचर वॉटर पार्क आणि मत्स्यालय एकाच आवारात.
* फेरारी वर्ल्ड, यास बेट, अबुधाबी (२०१०) : ताशी २४० किलोमीटर वेगाची फॉर्म्युला रोसा. उघडली तेव्हा ही जगातली सर्वांत वेगवान रोलर कोस्टर होती.
* यास वॉटरवर्ल्ड (२०१३) : मोती शोधायला निघालेल्या दाना या मुलीच्या कथेवर आधारित.
* आयएमजी वर्ल्ड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर, दुबई (ऑगस्ट २०१६) : संपूर्ण छताखाली, सुमारे १५ लाख चौरस फूट. मार्व्हल आणि कार्टून नेटवर्कची पात्रे, शिवाय डायनोसॉर.
* दुबई पार्क्स अँड रिसॉर्ट्स (२०१६ अखेर) : लेगोलँड, मोशनगेट आणि बॉलीवूड पार्क्स. सोबत पॉलिनेशियन धर्तीचे लापिता हॉटेल. लेगोलँडचे स्वतःचे हॉटेल २०२२ साली आले.
* वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड, यास बेट (जुलै २०१८) : हेही पूर्णपणे छताखाली. शेजारचे त्याच नावाचे हॉटेल २०२१ मध्ये सुरू झाले.
* सीवर्ल्ड, यास बेट (मे २०२३).

याशिवाय मे २०२५ मध्ये यास बेटावर डिस्नेचे थीम पार्क रिसॉर्ट उभारण्याची घोषणा झाली आहे.

अपेक्षा चुकतात कुठे? एक जवळचे उदाहरण

अपेक्षाभंग फक्त पाहुण्यांचाच होतो असे नाही, उभारणाऱ्यांचाही होतो. २००३ साली 'दुबईलँड'ची घोषणा झाली तेव्हा कितीतरी पार्क्सची स्वप्ने दाखवली गेली. २००७ मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओज येणार असे जाहीर झाले, पण २००८ च्या आर्थिक मंदीनंतर काम थांबले ते थांबलेच. दुबई पार्क्समध्ये येणारे सिक्स फ्लॅग्जही २०१९ साली रद्द झाले.

आपल्याला सर्वांत जवळचे होते ते बॉलीवूड पार्क्स. 'शोले', 'लगान', 'दबंग', 'डॉन' या चित्रपटांवर बेतलेल्या राइड्स आणि खेळ, 'मुंबई चौक' नावाचा विभाग, राजमहाल नाट्यगृहातला संगीत नाट्यप्रयोग... आखातात एवढे भारतीय राहतात, मग हे पार्क चालणारच, असे सगळ्यांना वाटले होते. २०२१ मध्ये तिथे सुमारे १४० मीटर उंचीचा फिरता पाळणाही बसवला गेला. तरीही एप्रिल २०२३ मध्ये ते कायमचे बंद झाले. २०२४ साली त्याच परिसरात रेआल माद्रिद या फुटबॉल क्लबचे पार्क उघडले.

बॉलीवूड पार्क्समधले गाणे-नाच आणि सजावट आजी-आजोबांना आवडण्यासारखी होती. पण एकदा पाहिलेले नाटक आणि ओळखीचा देखावा पुन्हा पाहण्यासाठी तिकीट काढावेसे वाटतेच असे नाही, आणि मुंबई चौक पाहायचाच असेल तर आपण मुंबईलाच जातो! नाव ओळखीचे आहे म्हणून तीन दिवस पुरतील असे नाही. रिसॉर्टचे बुकिंग करताना हा धडा घरच्या प्रमाणावर लागू होतो.

हिशेब राइड्सचा नको, तासांचा करा

'दोन रात्री, तीन दिवस' हे शब्द फसवे आहेत. खोली साधारणपणे दुपारी तीनला मिळते आणि बाराच्या सुमारास सोडावी लागते. बहुतेक पार्क्स सकाळी दहा-अकराला उघडतात. म्हणजे पहिला आणि शेवटचा दिवस अर्धाच. पुरता असा एकच दिवस हाती लागतो.

म्हणून बुकिंगपूर्वी हॉटेलला तीन प्रश्न जरूर विचारा :

1. पार्कचा प्रवेश मुक्कामात धरलेला आहे का, आणि किती पार्क्सचा? वॉटर पार्क असलेल्या रिसॉर्टमध्ये तो बहुधा धरलेला असतो. कित्येक पार्क्स असलेल्या ठिकाणी मात्र पॅकेजप्रमाणे बदलतो.
2. आल्या दिवशी खोली मिळण्याआधी आणि जायच्या दिवशी खोली सोडल्यावरही पार्कमध्ये जाता येते का? 'हो' असेल तर अर्ध्याचे पुरे दिवस होतात. मुक्कामाची किंमत वसूल होते ती इथेच.
3. दुपारी खोलीवर जाऊन पुन्हा पार्कमध्ये येता येते का? लहान मुले असलेल्या घरांसाठी हा सर्वांत मोठा फायदा आहे. दुपारी दोन तास झोपलेले मूल संध्याकाळी हसरे असते, न झोपलेले मूल रांगेत रडते.

तिन्हींची उत्तरे 'नाही' असतील तर घरून गाडीने जाऊन संध्याकाळी परतणे बरे. दुबईहून यास बेट गाडीने तासाभरावर आहे. तेवढ्यासाठी मुक्काम करायलाच हवा असे नाही.

घरातील सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी व्यक्ती

सहल यशस्वी होणार की नाही हे बहुधा या दोघांवर ठरते.

लहानांसाठी उंचीची अट पाहा. फॉर्म्युला रोसावर बसायला १४० सेंटिमीटर उंची लागते. आठ-नऊ वर्षांची बहुतेक मुले या रेषेच्या खालीच असतात. वर्षभर ज्या राइडचे व्हिडिओ पाहिले तिच्या दाराशी पट्टी लावून परत पाठवले की मुलाचा दिवस तिथेच संपतो. म्हणून घरच्या भिंतीवर उंची मोजा, प्रत्येक राइडची अट पार्कच्या संकेतस्थळावर पाहा आणि मुलांना कोणत्या राइड्स मिळतील हे निघण्याआधीच सांगून टाका. लेगोलँड मुख्यतः २ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी आखलेले आहे. घरात चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा असेल तर तो तिथे दोन तासांत कंटाळेल. उलट फेरारी वर्ल्डमध्ये तोच खूष असेल आणि धाकटी बहीण हिरमुसेल.

आजी-आजोबांचा विचार आणखी वेगळा. वॉटर पार्कमध्ये पाण्यात उतरायचे तर पोहण्याचाच पोशाख लागतो. साडी किंवा सुती सलवार-कमीज चालत नाही. संपूर्ण अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख चालतो, पण आपल्या किती आज्या तो घालतील? मग त्या दिवसभर पिशव्या सांभाळत खुर्चीवर बसतात, आणि बसण्याचेही तिकीट पडते. त्यांच्यासाठी मत्स्यालय, सीवर्ल्डसारखे पाहण्याचे ठिकाण किंवा छताखालचे पार्क बरे. चालणे मात्र सगळीकडेच भरपूर आहे. गुडघेदुखी असेल तर व्हीलचेअरची चौकशी आधीच करा.

जेवणाचीही तजवीज पाहा. बाहेरचे खाद्यपदार्थ बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे दशम्या-चटणीचा डबा दारातच अडतो. शाकाहारी पदार्थ मिळतात, पण संकष्टीचा किंवा एकादशीचा उपवास असेल तर पंचाईत होते. पंचांग बघून तारीख ठरवलेली बरी!

ऋतू आणि वार

जून ते सप्टेंबर उघड्या पार्कमध्ये दुपारी फिरणे अशक्यच. पारा ४५ च्या पुढे जातो. या काळात हॉटेले स्वस्त असतात ती याच कारणाने. उन्हाळ्यातच जायचे असेल तर छताखालची पार्क्स निवडा, म्हणजे स्वस्त खोलीचा खरा लाभ मिळतो. नोव्हेंबर ते मार्च हवा सुरेख, पण दर आणि गर्दी दोन्ही चढे. डिसेंबरचा शेवटचा आठवडा शक्यतो टाळावा. थंडीत वॉटर पार्कमध्ये मुले कुडकुडतात हेही ध्यानात असू द्या.

जानेवारी २०२२ पासून सरकारी साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवार झाली आहे. शारजात शुक्रवारही धरून तीन दिवस. त्यामुळे शारजात शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना रजा मिळत असेल तर शुक्रवार हा चांगला दिवस. रमजानात वेळा बदलतात, त्या आधी विचारून घ्या.

जाहिरातीतला दर आणि हातात येणारे बिल

खोलीच्या दरात सेवाशुल्क, नगरपालिका शुल्क आणि २०१८ पासून लागू झालेला ५ टक्के व्हॅट धरलेला आहे का ते बघा. दुबईत २०१४ पासून 'टुरिझम दिऱ्हाम'ही आहे. हॉटेलच्या दर्जाप्रमाणे खोलीमागे दर रात्री ७ ते २० दिऱ्हाम. त्यात पार्किंग, लॉकर, टॉवेल, राइडवर काढलेला फोटो आणि बाहेर पडताना हमखास लागणारे खेळण्यांचे दुकान मिळवा. खेळण्यांसाठी मुलांना आधीच ठरावीक रक्कम द्यावी. दुकानात वाद होत नाहीत आणि मुलांना पैशाची किंमतही कळते.

मग जावे की नाही?

आमचे मत असे. मुले साधारण पाच ते बारा वर्षांची, एकाच आवडीची असतील, पार्कचा प्रवेश मुक्कामात धरलेला असेल आणि मधे विश्रांतीला खोलीवर येता येत असेल, तर ही सुट्टी अपेक्षेला उतरते. दोन रात्री पुरेत. तिसऱ्या रात्रीचे पैसे बहुधा थकव्यावर खर्च होतात. मूल तीन वर्षांखालचे असेल, किंवा भावंडांच्या वयात मोठे अंतर असेल, तर एका दिवसाचे तिकीट काढून परत यावे.

आणि आजी-आजोबा आलेले असतील तर? ते भारतातून नातवंडांना भेटायला आलेले असतात, राइडवर बसायला नव्हे. त्यांच्यासाठी एक सोपा मार्ग आहे. मुलांना घेऊन दोघांपैकी एकाने पार्कमध्ये जावे, दुसऱ्याने त्यांच्याबरोबर हॉटेलच्या बागेत किंवा समुद्रावर थांबावे, आणि रात्रीचे जेवण सगळ्यांनी एकत्र घ्यावे. तसे जमणार नसेल तर मुक्कामाचे पैसे वाचवून ते भारतवारीच्या तिकिटाला लावलेले चांगले. पार्क पुढच्या वर्षीही असेल, पण आजी-आजोबांबरोबरचे दिवस मोजकेच असतात.

आपली सहल सुखाची होवो!