फायबरची होडी आणि चकाकीचा जुना वाद

उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि सोलापूर जिल्ह्याच्या कोरड्या मुलखाला एक विस्तीर्ण जलाशय मिळाला. पाण्यामागून होड्या आल्या. आता तेथे लाकडी होड्यांच्या जोडीला फायबरच्याही दिसतात. नवी असताना आरशासारखी चकाकणारी अशी होडी काही उन्हाळ्यांनंतर निस्तेज होते. लाल रंग गुलाबी दिसू लागतो, निळा राखाडी. बोट फिरवले तर खडूसारखी भुकटी लागते. साबणाने कितीही घासा, ती उजळत नाही. मालक म्हणतो, रंग उडाला. रंग थोडाफार उडतोच, पण मुख्यतः गेलेली असते ती चकाकी. चकाकी म्हणजे नेमके काय, यावर तर न्यूटनपासून विचार चालत आला आहे.

काचेचे धागे आणि त्यांना बांधून ठेवणारी पॉलिएस्टरची राळ या दोन्ही गोष्टी व्यवहारात आल्या १९३०च्या दशकात. १९४२ साली अमेरिकेत रे ग्रीन यांनी त्यांची होडी बनवली. होडी बनवताना गुळगुळीत साच्यात सर्वांत आधी रंग मिसळलेल्या राळेचा थर देतात. त्याला जेलकोट म्हणतात. त्याची जाडी असते जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यावर मग काचेच्या धाग्यांची चटई आणि राळ यांचे थर चढतात. म्हणजे होडीची चकाकी ही खरे तर साच्याच्या चकाकीची नक्कल!

सोलापूरचा मे महिना चाळीस अंशांच्या वर जातो, म्हणून दोष उष्णतेला दिला जातो. उष्णता मदत करते, पण खरे काम अतिनील किरणांचे. ते राळेच्या लांब रेणूंच्या साखळ्या तोडतात, हवेतला ऑक्सिजन त्यात भर घालतो. तुटकी राळ झडते, रंगाचे कण उघडे पडतात आणि पृष्ठभागावर सूक्ष्म खड्डे तयार होतात.

खड्डे किती खोल झाले म्हणजे चकाकी जाते? लॉर्ड रॅले यांच्या नावाने ओळखला जाणारा निकष सांगतो, की समोरून पडणाऱ्या प्रकाशासाठी खडबडीतपणा तरंगलांबीच्या सुमारे आठव्या हिश्शाहून कमी हवा. दृश्य प्रकाशासाठी हे माप मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान आहे. यापेक्षा खोल खड्डे प्रकाश चहूकडे विखुरतात. विखुरलेला पांढरा प्रकाश रंगात मिसळतो आणि लालाचा गुलाबी होतो. वर्गात हे सहज दाखवता येईल. प्लास्टिकची रंगीत पट्टी बारीक सँडपेपरने घासा, ती फिकट दिसेल. तिच्यावर पाण्याचा थेंब टाका. पाणी ओरखडे भरते आणि तेवढ्या जागी मूळ रंग परत येतो. वाळले की पुन्हा फिकट. विटलेली होडी ओली असताना छान दिसते, ती याचमुळे. तेल चोपडून होडी ‘नवी’ करणाऱ्यांची युक्तीही हीच, फक्त थोडे दिवस जास्त टिकणारी.

मग कायमचा उपाय? पॉलिश. पण पॉलिश करताना घडते काय? न्यूटनने १७०४च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये म्हटले, की ओरखडे डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक होतात, एवढेच. विसाव्या शतकाच्या आरंभी जॉर्ज बिल्बी यांनी वेगळेच सांगितले: घासताना पृष्ठभागाचा पदार्थ वाहतो आणि खड्डे बुजवतो. १९३७ साली बाउडेन आणि ह्यूज यांनी या मताला बळ दिले. साधा कापूर ‘वुड्स मेटल’ या मिश्रधातूला पॉलिश करू शकतो, कारण कापराच्या आधी ती वितळते! पुढे लेनर्ड सॅम्युएल्स यांनी सूक्ष्मदर्शकातून दाखवले, की नेहमीच्या धातूंच्या पॉलिशमध्ये अतिसूक्ष्म कण पृष्ठभाग चक्क कापत असतात.

होडीच्या बाबतीत तर शंकेला जागाच नाही. एकदा घट्ट झालेली पॉलिएस्टरची राळ तापवली तरी वितळत नाही, करपते. त्यामुळे ती वाहून खड्डे बुजवील ही आशा व्यर्थ. उरतो न्यूटनचा मार्ग. होडी स्वच्छ धुवायची, फारच खराब असेल तर हजार-दीड हजार नंबरच्या वॉटर पेपरने पाणी घालत घासायची. मग रबिंग कंपाउंड, नंतर त्याहून बारीक पॉलिश. प्रत्येक पायरी आधीचे ओरखडे काढते आणि स्वतःचे, अधिक बारीक, ओरखडे मागे ठेवते. शेवटी मेणाचा हात. मेण उरलेले खड्डे भरते आणि पाण्याला दूर ठेवते, पण उन्हात ते काही महिन्यांतच झिजते. ते पुन्हा पुन्हा लावावे आणि होडी सावलीत किंवा ताडपत्रीखाली ठेवावी, हे सर्वांत स्वस्त. कारण मेण बाटलीतून येते, पॉलिशची चकाकी मात्र त्या अर्ध्या मिलिमीटरातून. विजेच्या यंत्राने कडांवर जरा जास्त वेळ घासले, की तेथे जेलकोट संपून खालचे काचेचे धागे दिसू लागतात. तसे झाले, की नवा जेलकोट किंवा रंग चढवण्यावाचून इलाज नसतो.