रुग्णस्त्रीची संमति आणि दंडविधान

वैद्यापुढें जाणारा मनुष्य आपला देह, आपली लज्जा आणि आपलें भय त्याच्या स्वाधीन करतो. हें स्वाधीन होणें उपचारापुरतेंच असतें, ही मर्यादा प्राचीनांनीं ओळखली होती. चरकसंहितेच्या विमानस्थानांत, पति किंवा पालक जवळ नसतां स्त्रीची चिकित्सा करूं नये, असें शिष्यास बजाविलें आहे. हिपोक्रेटिसच्या नांवानें चालत आलेल्या ग्रीक शपथेंतही रुग्णाच्या घरीं कामाचारापासून दूर राहण्याचें बंधन आहे. परंतु शपथ मोडणाऱ्यास शासन करणें हें राजदंडाचें काम. आणि तेथें आपला कायदा फार काळ अपुरा होता.

1860 च्या भारतीय दंडसंहितेनें मृत्यूच्या किंवा दुखापतीच्या भयानें मिळविलेली संमति अमान्य केली. तथापि पदाच्या दबावाखालीं दिलेला होकार काय समजावा, ह्याचें उत्तर तींत नव्हतें.

हा प्रश्न धसास लागला तो रुग्णालयामुळें नव्हे, पोलीस ठाण्यामुळें. आज गडचिरोली जिल्ह्यांत असलेल्या देसाईगंजच्या ठाण्यांत 26 मार्च 1972 रोजीं एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद झाली. 1974 सालीं सत्र न्यायालयानें दोघां पोलिसांस दोषमुक्त केलें. 1976 सालीं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें, निमूटपणें शरण जाणें म्हणजे संमति नव्हे, असें ठरवून त्यांस शिक्षा दिली. 1978 सालीं सर्वोच्च न्यायालयानें, अंगावर जखमा नाहींत व आरडाओरडा झाला नाहीं ह्या कारणांस महत्त्व देऊन, ती रद्द केली. पुढील वर्षीं उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार ह्या चार कायदेपंडितांनीं सरन्यायाधीशांस खुलें पत्र लिहून ह्या निर्णयाचा निषेध केला.

त्यांतून उठलेल्या चळवळीचें फळ म्हणजे 1983 ची दुरुस्ती. कोठडींतील स्त्री आणि खाटेवरील स्त्री ह्यांची अगतिकता एकाच जातीची आहे, हें तिनें मान्य केलें. पदाचा गैरफायदा घेऊन रुग्णालयांतील स्त्रीवर बलात्कार करणाऱ्या तेथील नोकरास सामान्यतः किमान 10 वर्षें कैद ठरली. संबंध सिद्ध झाल्यावर, आपली संमति नव्हती असें स्त्रीनें साक्षींत सांगितलें, तर न्यायालयानें तसेंच गृहीत धरावें, असा पुराव्याचा नियम झाला. बलात्कार न ठरणारा, परंतु पदाच्या बळावर साधलेला संबंधही 5 वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र झाला. 2013 सालीं ह्या दुसऱ्या गुन्ह्याची शिक्षा 5 ते 10 वर्षें झाली, आणि विश्वासाच्या नात्याचा दुरुपयोगही त्यांत आला. 1 जुलै 2024 पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या 68 व्या कलमांत आहे.

तींत उणीव नाहीं असें नव्हे. पुरुष रुग्णाचा तींत उल्लेखच नाहीं. तथापि ह्या इतिहासाचा बोध स्पष्ट आहे. तिनें प्रतिकार कां केला नाहीं, एवढेंच विचारून न्याय होत नाहीं. त्यानें आपलें पद कशासाठीं वापरलें, हेंही विचारावें लागतें. तपासणीस दिलेला होकार तपासणीपाशींच संपतो, हें प्रत्येक कुटुंबानें आपल्या मुलींस निःसंकोचपणें सांगितलें पाहिजे. कारण तक्रार करावयास कोणी पुढें आल्यावांचून कलमाचा उपयोग होत नाहीं.