पायांच्या फुगलेल्या शिरा : ‘बिनऑपरेशन’ उपचारांचा नेमका अर्थ

नांदेड/लातूर - लातूरच्या गंजगोलाईत दिवसभर गिऱ्हाईक करणारा विक्रेता, मोंढ्यातील हमाल, शिकवणी वर्गात उभ्याने सलग तास घेणारे शिक्षक, नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगरची सेवा करणारे सेवेकरी आणि एसटीचे वाहक यांच्या कामात एक गोष्ट समान आहे. ती म्हणजे तासन्‌तास उभे राहणे. अशा कामात संध्याकाळी पाय जड होणे, घोट्याशी सूज येणे, रात्री पोटरीत गोळे येणे या तक्रारी थकवा समजून सोडून दिल्या जातात. काही वर्षांनी पोटरीवर निळसर, वेड्यावाकड्या शिरा उठून दिसू लागतात. यालाच ‘व्हेरिकोज व्हेन्स’ म्हणतात.

ऑपरेशनची भीती वाटणारा रुग्ण मग ‘बिनऑपरेशन उपचार’ शोधू लागतो. मात्र या एका शब्दात दोन निरनिराळ्या गोष्टी येतात. काही उपचार केवळ त्रास आटोक्यात ठेवतात, तर काही उपचार बिघडलेली शीर बंद करतात. हा फरक न कळल्यास पैसा आणि वेळ दोन्ही वाया जातात.

शिरा का फुगतात?

पायांतील रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हृदयाकडे चढते. चालताना पोटरीचे स्नायू आवळले जातात आणि रक्त वर ढकलले जाते. म्हणूनच पोटरीला शरीराचे ‘दुसरे हृदय’ म्हटले जाते. वर गेलेले रक्त खाली येऊ नये यासाठी शिरांमध्ये एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. त्या निकामी झाल्या की रक्त खाली साठते, दाब वाढतो आणि शीर फुगते. आनुवंशिकता, गर्भारपण, लठ्ठपणा, वाढते वय आणि पूर्वी खोल शिरेत झालेली रक्ताची गुठळी ही त्याची प्रमुख कारणे होत. उन्हाळ्यात शिरा प्रसरण पावत असल्याने मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये हा त्रास अधिक जाणवतो.

पहिली पायरी तपासणीची

उपचार ठरविण्यापूर्वी पायांची ‘कलर डॉप्लर’ सोनोग्राफी आवश्यक असते. कोणत्या शिरेतील झडप बिघडली आहे, खोल शिरेत गुठळी आहे काय, हे त्यातून कळते. ही तपासणी शक्यतो रुग्णाला उभे करून केली जाते, कारण रक्ताचा उलटा प्रवाह त्याच स्थितीत स्पष्ट दिसतो.

पायमोजे काय करतात?

दाब देणारे वैद्यकीय पायमोजे घोट्याशी जास्त आणि वर कमी दाब देतात. त्यामुळे सूज व जडपणा कमी होतो. पण निकामी झडप दुरुस्त होत नाही. मोजे काढले की त्रास परततो. सकाळी सूज येण्यापूर्वीच ते घालावेत व रात्री झोपताना काढावेत. पायाचे माप घेऊनच ते खरेदी करावेत. वापराने त्यांचा ताण कमी होत असल्याने साधारणतः सहा महिन्यांनी ते बदलावे लागतात. मधुमेही, धूम्रपान करणारे व वयोवृद्ध यांनी मात्र पायांच्या शुद्ध रक्तवाहिन्या तपासल्याशिवाय मोजे वापरू नयेत. तेथे रक्तपुरवठा आधीच कमी असेल, तर दाबामुळे इजा होऊ शकते.

शीर बंद करणारे उपचार

जुन्या पद्धतीत जांघेशी छेद घेऊन शीर ओढून काढली जात असे. आता सोनोग्राफीच्या साहाय्याने शिरेत बारीक नळी सरकवून लेझर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीच्या उष्णतेने ती आतून बंद करता येते. दुसऱ्या पद्धतीत औषधाचा फेस टोचून शीर मिटविली जाते. तिला ‘फोम स्क्लेरोथेरपी’ म्हणतात. वैद्यकीय गोंदाने शीर चिकटविण्याच्या पद्धतीला अमेरिकेत 2015 मध्ये मान्यता मिळाली. हे उपचार बहुधा केवळ जागा बधिर करून होतात व रुग्ण त्याच दिवशी चालू लागतो. बंद केलेल्या शिरेचे रक्त इतर निरोगी शिरांतून वाहते.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2013 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत उष्णतेच्या पद्धतीला पहिली, फोमला दुसरी व शस्त्रक्रियेला तिसरी पसंती दिली. तरीही ‘कायमची हमी’ कोणत्याच पद्धतीत नसते. काही वर्षांनी नव्या शिरा फुगू शकतात. त्वचेवर डाग पडणे, काही काळ बधिरपणा राहणे आणि क्वचित गुठळी होणे हे धोकेही विचारून घ्यावेत.

जखम चिघळू देऊ नये

घोट्याच्या आतील बाजूस त्वचा काळवंडणे व खाज येणे हा पुढील जखमेचा इशारा असतो. येथे केवळ मलमपट्टी पुरेशी नसते. ब्रिटनमध्ये 450 रुग्णांवर झालेल्या व 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इव्हरा’ अभ्यासात दाबपट्टीसोबत शिरेवर लवकर उपचार झालेल्यांची जखम मध्यमानाने 56 दिवसांत, तर उपचार लांबविलेल्यांची 82 दिवसांत भरून आली. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबासाठी हे अंतर मोठे आहे.

रोजच्या सवयी

दररोज अर्धा तास चालावे. उभ्याच्या कामात अधूनमधून टाचा उचलाव्यात व पावले टाकावीत. घरी आल्यावर पाय हृदयाच्या पातळीपेक्षा उंच ठेवून पंधरा-वीस मिनिटे पडावे. वजन आटोक्यात ठेवावे. हलक्या हाताने तेल लावल्यास बरे वाटते, परंतु झडप त्याने सुधारत नाही. गुठळीची शंका असताना पाय चोळणे तर धोक्याचे असते.

तातडीने डॉक्टर केव्हा?

एकच पाय अचानक सुजून दुखू लागल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे. सोबत धाप लागल्यास किंवा छातीत दुखल्यास क्षणाचाही उशीर नको. शीर फुटून रक्त येऊ लागल्यास रुग्णाला आडवे करून पाय उंच धरावा, स्वच्छ कापडाने घट्ट दाबावे आणि रुग्णालयात न्यावे.

नांदेडला विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथील शल्यचिकित्सा विभागात पहिला सल्ला घेता येतो. लेझर वा फोमची सोय कोठे आहे व खर्च किती, हे तेथे विचारून घ्यावे. खासगी ठिकाणी पैसे भरण्यापूर्वीही डॉप्लरचा अहवाल हाती असावा आणि ‘कोणती शीर, कोणत्या पद्धतीने बंद करणार?’ हा प्रश्न रुग्णाने अवश्य विचारावा.