नक्कल आणि दुवा : मिरजेच्या दप्तरापासून संगणकापर्यंत

मिरज येथील विद्यालयात संस्कृतचे अध्यापन करणारे वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतील पत्रे उतरवून घेऊन १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. दप्तर हाताळणाऱ्या अभ्यासकास नकलेचा गुणदोष ठाऊक असतो : मूळ नष्ट झाले तरी ती उरते, परंतु मुळापासून सुटताच तीत पाठभेद शिरू शकतात. याउलट, कोणते पत्र कोणत्या रुमालात आहे एवढेच सांगणाऱ्या यादीत पाठभेद संभवत नाही. मात्र रुमाल हलविला की ती यादी निरर्थक ठरते. संगणकावरील खासगी विन्यास-संचिकांच्या, म्हणजे वापरकर्त्याच्या सवयी यंत्रास सांगणाऱ्या लहान फायलींच्या, इतिहासात हाच पेच पुन्हा उभा राहिला.

युनिक्स प्रणालीत अशा संचिकांच्या नावारंभी टिंब असते व त्या सामान्य यादीत दिसत नाहीत. ही योजना विचारपूर्वक झालेली नाही. चालू व वरची निर्देशिका दर्शविणारी एक टिंब व दोन टिंबे ही नावे यादीतून वगळण्यासाठी केवळ पहिले अक्षर तपासले गेले, आणि टिंबाने आरंभ होणारे सारेच अदृश्य झाले, असे रॉब पाइक यांनी नमूद केले आहे. आळसाची सोय पुढे रूढी होते, ती अशी.

एका व्यक्तीकडे अनेक यंत्रे आल्यावर नकला वाढल्या आणि त्यांत भेद पडू लागले. त्यावरील उपाय मात्र जुनाच होता. मल्टिक्सच्या १९६५ च्या आराखड्यात दुव्याची कल्पना आढळते. युनिक्सचा आरंभीचा दुवा हे त्याच संचिकेचे दुसरे नाव असे, व ते एका संचिका-व्यवस्थेबाहेर जाऊ शकत नसे. १९८३ च्या ४.२ बीएसडी आवृत्तीतील प्रतीकात्मक दुव्यात मजकूर नसून केवळ मार्ग लिहिलेला असतो. म्हणून ही मर्यादा उरली नाही. साऱ्या मूळ संचिका एका निर्देशिकेत आणि नेहमीच्या जागी फक्त दुवे, ही पद्धत त्यामुळे शक्य झाली. बॉब ग्लिकस्टाइन यांचे ‘स्टो’ हे साधन अन्य कार्यासाठी निर्माण झाले असले तरी पुढे याही कामी वापरले जाऊ लागले. २००५ नंतर ‘गिट’मुळे त्या निर्देशिकेतील प्रत्येक फेरफाराची नोंदही ठेवता येऊ लागली.

मूळ हलविल्यास दुवा निराधार होतो, हे उघड आहे. त्याहून फसवा प्रकार निराळा. काही संपादन-साधने जतन करताना नवी संचिका लिहून तिला जुने नाव देतात. दुव्याच्या जागी नकळत स्वतंत्र संचिका येते, आणि पुढील सर्व सुधारणा तीतच होत राहतात. अशा जागी ‘स्टो’ ती संचिका पुसून टाकीत नाही, विरोध दाखवून थांबतो. ही सावधगिरी योग्यच म्हणावी लागेल. कारण तेथे ताजा पाठ नकलेत असतो, मुळात नव्हे.