अंगणांत गेलेली शाळा

ठाणें जिल्ह्यांतील शहापूर आणि मुरबाड हे तालुके मुंबईकर गृहस्थाच्या ओळखीचे असतात ते तानसा-भातसाच्या पाण्यामुळें, माहुलीच्या सुळक्यांमुळें, फार तर माळशेजच्या धबधब्यांमुळें. (सकाळीं नळ सोडतांना त्या पाण्याच्या शेजाऱ्यांची आठवण कितीजणांना होते, हा प्रश्न आज बाजूला ठेवूं.) या डोंगरपायथ्याला पाऊस असा कोसळतो कीं माणसाच्या बांधकामाची परीक्षा दर आषाढांत होते. कारवीचा कूड असो वा विटांची भिंत असो, ओल धरतेच. एखाद्या पाड्यावरील अंगणवाडीची इमारत अशी धोक्याची ठरली, म्हणजे मुलांना दुसरीकडे हलवावें लागतें. कधीं समाजमंदिरांत, कधीं देवळाच्या सभामंडपांत, तर कधीं कोणाच्या ओटीवर. मोठ्या माणसांच्या कचेरीनें जागा बदलली तर फार झालें तर चार पावलें अधिक चालावीं लागतात. तीन वर्षांच्या मुलाला वाटेंतला एक ओहळ म्हणजे समुद्र. तेथें छप्पर मिळालें, पण मूल घरींच राहिलें, असें सहज घडतें.

हा प्रश्न आजचा वाटतो. पण याच परिसरानें तो पूर्वीं एकदां उलट बाजूनें पाहिलेला आहे. 1945 सालीं ताराबाई मोडक यांनीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें. बोर्डी तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होती. 2014 पासून ती पालघर जिल्ह्यांत मोडते. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर ताराबाईंनीं बालशिक्षणाचें काम केलें होतें, 1926 सालीं नूतन बाल शिक्षण संघाच्या स्थापनेंत भाग घेतला होता आणि पुढें दादरला शिशुविहार चालविला होता. इतका अनुभव गांठीं असूनहि बोर्डीस एक अडचण उभी राहिली. बालवाडी चांगली होती. पण हरिजनवस्तीचीं आणि आदिवासींचीं मुलें तेथें येईनात. आईबाप पोटामागें गेलेले, अंगावर धड कपडा नाहीं, आणि गांवाच्या मनांतला दुरावा तर कोणत्याहि भिंतीहून पक्का.

ताराबाईंनीं आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनीं मग बालवाडीच उचलली आणि वस्तीवर नेली. शिक्षिका अंगणांत जात, मुलांना आंघोळ घालीत, केंस विंचरीत, नखें कापीत, आणि मग गाणीं व खेळ होत. मॉंटेसरीबाईंच्या पद्धतीचीं साधनें महाग. त्यांच्या जागीं शिंपले, खडे, बिया, पानें आलीं. माझ्या मतें या प्रयोगाचें सारें मर्म त्या शिंपल्यांत आहे. विकत आणलेलें साधन कपाटांत ठेवावें लागतें, आणि कपाटाला भिंत लागते. या व्यवस्थेला अंगण-बालवाडी म्हणत. 1975 सालीं, गांधीजयंतीच्या दिवशीं, सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांत आरंभिली, आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेंच नांव मिळालें. त्याच्या दोनच वर्षें आधीं, 1973 मध्यें, ताराबाई वारल्या होत्या.

इंग्लंडांतहि असेंच कांहीं घडलें होतें. मार्गारेट आणि रेचेल मॅक्मिलन या भगिनींनीं 1914 सालीं लंडनच्या डेटफर्ड भागांतील गरिबांच्या मुलांसाठीं बागेंत, उघड्या हवेंत, बालशाळा चालविली. तेथें छपऱ्या होत्या, पण त्या केवळ आडोशापुरत्या; खरी शाळा ती बागच.

बोर्डीहून हें काम पुढें कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें गुरें राखणारीं मुलें शाळेंत येईनात, म्हणून कुरणशाळा निघाली. थोरली बहीण धाकट्या भावाला कडेवरून उतरवूं शकत नाहीं, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. प्रत्येक वेळीं प्रथम विचारलें गेलें, तें मूल आतां कोठें आहे? इमारतीचा विचार त्यानंतर.

मुरबाडच्या पाड्यावर भर श्रावणांत अंगणांत शाळा भरवा, असें मी म्हणणार नाहीं. तेथें अंगणच वाहून जात असतें, आणि खिचडीच्या चुलीला कोरडी जागा हवीच. तराजू, नोंदवह्या, लसीकरणाच्या दिवसाची गर्दी, यांनाहि निवारा लागतो. अंगणवाडी ही आतां नुसती गाण्यांची जागा राहिलेली नाहीं. सहा वर्षांखालील मुलाचें वजन, आहार आणि आरोग्य हीं तिच्याच हातीं आहेत. म्हणूनच हलवण्याचा निर्णय ज्या दिवशीं होतो, त्या दिवशीं पटावरचीं नांवें घेऊन पाड्यांतून एक फेरी मारावी. ओहळाच्या अलीकडे कितीजण, पलीकडे कितीजण. कोणाला कडेवर घेणारें मोठें माणूस घरीं आहे, कोणाचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणार. कोणाची ओटी रुंद, कोरडी आणि पाड्यांतील सर्व घरांना मोकळी. सेविका त्याच गांवची असेल, तर तिला हें सारें आधींच ठाऊक असतें. तिला विचारण्याचें मात्र बहुधा राहून जातें.