डेलच्या डब्यातला वायझ : जुना थिन क्लायंट विकत घेण्यापूर्वी

मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेसाठी संगणक हवे असतात, जमलेला चंदा तुटपुंजा असतो, आणि दुकानदार सांगतो, "सर, डेलचा मिनी पीसी आहे. पंखा नाही, आवाज नाही, वीज कमी खातो. घेऊन जा." बँका, कॉल सेंटर, इस्पितळे यांनी काढून टाकलेले हे डबे सध्या सेकंड-हँड बाजारात ढिगाने मिळतात. दुकानदार खोटे बोलत नसतो, पण पूर्ण खरेही सांगत नसतो. आम्ही असेच सहा डबे आणले. सहाही वरून सारखे, सगळ्यांवर डेलचे चिन्ह. घरी आणून जोडले तर चारच चालू झाले. बाकीच्या दोघांत काही बिघाड नव्हता. ते मुळात आम्हाला हवे होते तसले संगणकच नव्हते. तेव्हापासून याबाबत जे शिकलो ते इथे देत आहोत.

थिन क्लायंट म्हणजे दूरच्या सर्व्हरवर चालणारे काम पडद्यावर दाखवणारे छोटे यंत्र. स्वतःकडे ताकद कमी, साठवण नावापुरती. पण त्यातल्या अनेकांच्या आत साधा लॅपटॉपसारखा प्रोसेसर असतो, त्यामुळे थोडी रॅम आणि छोटा एसएसडी टाकला की ते स्वतंत्र संगणक म्हणून काम करू शकतात. "अनेकांच्या", सगळ्यांच्या नाही. घोळ इथेच होतो.

हे डबे मुळात डेलने घडवलेले नाहीत. वायझ टेक्नॉलॉजी ही १९८१ साली अमेरिकेत सुरू झालेली कंपनी, आधी टर्मिनलसाठी आणि नंतर थिन क्लायंटसाठी ओळखली जाणारी. २०१२ मध्ये डेलने ती विकत घेतली. त्यानंतर वायझची जी मॉडेल्स आधीपासून चालू होती, त्यांच्यावर डेल वायझ असे नाव आले आणि पुढे त्यांना चार आकडी क्रमांक मिळाले. आतला बोर्ड तोच, नाव नवे. २०२२ मध्ये तर डेलने ऑप्टिप्लेक्स ३००० नावानेच थिन क्लायंट काढला. म्हणून एकच यंत्र बाजारात दोन-तीन नावांनी भेटते आणि माणूस गोंधळतो.

जुने नाव व नवे नाव यांची जोडी अशी लावा. झेडएक्स०डी म्हणजे ७०१०. डीएक्स०डी म्हणजे ५०१०. झेडएक्स०क्यू म्हणजे ७०२०, डीएक्स०क्यू म्हणजे ५०२०. टी१० म्हणजे ३०१०, टी१०डी म्हणजे ३०२०. पी२५ म्हणजे ५०३० आणि पी४५ म्हणजे ७०३०.

जुन्या नावातली अक्षरेही वाचता येतात. झेड९०डी७ घ्या. झेड ही मालिका. ९० म्हणजे कारखान्यातून विंडोज भरून आलेले. तिथे १० असेल तर वायझचे स्वतःचे थिनओएस, ५० असेल तर सूझे लिनक्स. त्यानंतरचा डी म्हणजे दोन कोर, क्यू म्हणजे चार, एस म्हणजे एकच. शेवटचा ७ म्हणजे विंडोज एम्बेडेड स्टँडर्ड ७. मजा अशी की झेड१०डी, झेड५०डी आणि झेड९०डी७ यांचा बोर्ड एकच. नावातला फरक आत काय भरले होते एवढ्याचाच. आपण तर ते पुसूनच टाकणार, म्हणून दुकानदार "विंडोजवाला आहे" म्हणून जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका. ते एम्बेडेड विंडोज २०२० मध्येच कालबाह्य झाले आहे.

आता आमच्या फसलेल्या दोन डब्यांकडे येऊ. ते ५०३० होते. याला झिरो क्लायंट म्हणतात. आत नेहमीचा प्रोसेसरच नाही. टेराडिची कंपनीची एक चिप आहे, जी सर्व्हरवरून आलेले चित्र उलगडून दाखवते, एवढेच तिचे काम. त्यावर लिनक्स नाही, विंडोज नाही, काहीच चढत नाही. ७०३० ची गत तीच. ३०१० आणि ३०२० मध्ये मार्व्हलचा एआरएम प्रोसेसर आहे, तेही आपल्या कामाचे नाहीत. वरून मात्र ५०३० आणि ५०१० शेजारी ठेवा, घाईत ओळखू येणार नाहीत. म्हणून डबा उलटा करा, खालचे लेबल वाचा, मगच भावाचे बोला. लेबल खरवडलेले असेल तर तो डबा सोडून द्या.

आणखी जुने, डेलच्या आधीचे सी मालिकेतले वायझही कधी कधी हाती येतात. त्यांत व्हियाचा १ गिगाहर्ट्झचा सी७ प्रोसेसर आहे, फक्त ३२ बिट. डेबियनने २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणे बंद केले. फुकट मिळाला तरी घेऊ नका, असे आमचे मत.

घेण्यासारख्यांपैकी ७०१० मध्ये एएमडीचा जी-टी५६एन आहे : दोन कोर, १.६५ गिगाहर्ट्झ, ६४ बिट. ५०१० मध्ये त्याचा धाकटा भाऊ, जी-टी४८ई, १.४ गिगाहर्ट्झ. दोन्ही १८ वॉटचे, दोन्हींना पंखा नाही. ७०१० मध्ये लॅपटॉपच्या डीडीआर३ रॅमसाठी दोन खाचा आहेत. ४ जीबीच्या दोन पट्ट्या टाकल्या की ८ जीबी होते आणि यंत्राचा नूरच बदलतो. या प्रोसेसरची मेमरी एकाच चॅनलवर चालते, त्यामुळे दोन पट्ट्यांनी वेग दुप्पट होईल ही आशा ठेवू नका. ८ जीबीची एक पट्टी चालली तरी तेच. जुन्या बंद पडलेल्या लॅपटॉपमधून रॅम काढून वापरली तर हा खर्चही वाचतो.

५०२० आणि ७०२० चार कोरचे आहेत, अनुक्रमे १.५ आणि २ गिगाहर्ट्झ, आणि एक पिढी पुढचे. हा पिढीचा फरक कागदावर दिसतो त्याहून मोठा आहे. ५०१० व ७०१० च्या प्रोसेसरला एसएसई ४.२ या सूचना कळत नाहीत, आणि विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती त्यांच्याशिवाय सुरूच होत नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे या दोघांसाठी लिनक्स हाच रस्ता. ५०२० व ७०२० ला त्या सूचना कळतात, पण विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तेही नाहीत.

साठवणीबद्दल जरा सांभाळून. या डब्यांत कारखान्यातून काही जीबीचा चिमुकला फ्लॅश बसवलेला असतो. तो पुरत नाही. विकत घेण्याआधी एक डबा दुकानातच उघडायला लावा आणि दोन गोष्टी पाहा : मोकळा साटा सॉकेट आहे का, आणि एसएसडीला वीज कुठून मिळणार. सॉकेट असून वीज नसेल तर वेगळी वायर करून घ्यावी लागते, ते प्रत्येकाचे काम नाही. सोपा उपाय म्हणजे यूएसबी केसमध्ये एसएसडी घालून त्यावरून यंत्र सुरू करणे. आमचे चार डबे असेच चालतात. मुले केबल ओढतात, म्हणून केस डब्याच्या मागे टेपने चिकटवली आहे.

३०४० हा सगळ्यात लहान, तळहाताएवढा, आणि सगळ्यात जास्त गळ्यात मारला जाणारा. आत इंटेल अॅटमचा झेड८३५० आहे, चार कोर. पण २ जीबी रॅम बोर्डवरच डाग देऊन लावलेली, साठवण ८ किंवा १६ जीबी, तीही बोर्डवरच. यात वाढवण्यासारखे काही नाही. ब्राउझरच्या चार टॅब उघडल्या की दम लागतो. आणखी एक धोका : ३०४० काही ५ व्होल्टचे आहेत, काही १२ व्होल्टचे. दुसऱ्याचा अॅडॉप्टर लावण्याआधी लेबल वाचा, नाहीतर डबा कायमचा जाईल.

हाताशी थोडे जास्त पैसे असतील तर ५०७० शोधा. सेलेरॉन जे४१०५ किंवा पेंटियम सिल्व्हर जे५००५, डीडीआर४ रॅमच्या दोन खाचा, आणि एम.२ एसएसडीची जागा. हा एम.२ साटा प्रकारचाच हवा, एनव्हीएमई चालत नाही. दुकानदार दोन्हीला "एम टू" म्हणून एकच किंमत सांगतात, म्हणून खोका वाचून घ्या. पेंटियमवाल्याला तीन डिस्प्लेपोर्ट आहेत. नव्याने घेणाऱ्या कुणाला आम्ही हाच सुचवू.

पडद्याचा खर्च लोक विसरतात. जुने मॉनिटर व्हीजीएचे असतात. ५०१० आणि ७०१० ला डीव्हीआय-आय आहे, त्याला स्वस्त साधा कन्व्हर्टर चालतो. ३०४० ला फक्त डिस्प्लेपोर्ट, त्याचा कन्व्हर्टर महाग पडतो. दहा यंत्रांना दहा कन्व्हर्टर लावा, म्हणजे स्वस्ताई कुठे गेली ते कळेल.

चालू केल्यावर बायोसमध्ये शिरताना पासवर्ड विचारला तर घाबरू नका. वायझचा मूळ पासवर्ड फायरपोर्ट आहे, इंग्रजीत लिहिताना पहिले अक्षर मोठे. जुन्या मालकाने तो बदललेला असेल तर अडचण, म्हणून हेही दुकानातच तपासा. आत नाण्यासारखी बॅटरी असते. ती मेलेली असेल तर तारीख मागे जाते आणि मग ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणत बसतो. आम्ही अर्धा दिवस इंटरनेटवाल्याशी भांडलो, दोष त्या बॅटरीचा होता.

लिनक्समध्ये उर्दू आणि मराठी दोन्ही नीट चालतात. उर्दूसाठी फोनेटिक कळफलक आणि नोटो नस्तालीक फाँट, मराठीसाठी इनस्क्रिप्ट. नस्तालीकची लांबलचक फाइल ५०१० वर उघडायला वेळ घेते, एवढे सोसावे लागते. इनपेजवर हात बसलेल्या शिक्षकांनी मात्र आधीच समजून घ्यावे की ते विंडोजचे सॉफ्टवेअर आहे. इथे युनिकोडमध्ये टाइप करायला शिकावे लागेल. आमच्यातल्या दोन ज्येष्ठ उस्तादांनी पहिल्या दिवशी कळफलक बाजूला सारला होता. आता तेच प्रश्नपत्रिका यावर करतात.

राहिला यूट्यूबचा प्रश्न, कारण मुले धडे तिथेच पाहतात. ५०१० व ७०१० मधली ग्राफिक्स चिप एच.२६४ चे चित्र स्वतः उलगडू शकते, पण यूट्यूब हल्ली व्हीपी९ किंवा एव्ही१ पाठवते, आणि तो सगळा भार प्रोसेसरवर येऊन चित्र अडखळते. ब्राउझरमध्ये एच२६४िफाय हे छोटे एक्स्टेन्शन टाका आणि व्हिडिओ ४८० किंवा ७२० वर ठेवा. लिनक्सच्या ब्राउझरमध्ये हार्डवेअर डिकोडिंग सुरू आहे का, तेही एकदा तपासून घ्या.

ते दोन ५०३० अजून कपाटात आहेत. दुकानदाराने परत घेतले नाहीत. त्यांचे अॅडॉप्टर मात्र सांभाळून ठेवले आहेत, लेबलवरचे व्होल्ट जुळले तर दुसऱ्या यंत्राला उपयोगी पडतील.